अण्णांची सर्व्हिस आणि प्लॅस्टिकचा चेंडू

टेबल टेनिस खेळणाऱ्यांकडे किस्से फार साचतात. चेंडू सारखा कुठल्यातरी कपाटाखाली जातो आणि कोणीतरी वाकून तो काढेपर्यंत बाकीच्यांना बोलण्याशिवाय काम नसतं. नव्वदच्या दशकात बनशंकरीतल्या आमच्या मराठी मंडळात तर खेळण्यापेक्षा वाकणंच जास्त व्हायचं. ऑफिसातून दमून यायचं, एक गेम हरायचा आणि खुर्ची धरायची.

*

शिंदे अण्णांपासून सुरुवात करते. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूत, शिवाजीनगरला भांड्यांचं दुकान. मी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी पुण्याहून नुकतीच आलेली, कॉलेजात मेडलं मिळवलेली. पहिल्याच दिवशी अण्णा समोर. त्यांनी मनगट किंचित फिरवून सर्व्हिस केली. चेंडू येता येता वळला आणि माझ्या बॅटला लागून थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेला. दुसराही तिथेच.

"स्वल्प दमलीयस तू," अण्णा म्हणाले. "घरी जा, झोप काढ."

मी खरंच गेले.

*

सेल्युलॉइडचे ते चेंडू सारखे तडकायचे. आमचे सेक्रेटरी गोखले, मूळचे नागपूरचे, रोजच्या तक्रारींना कंटाळले आणि प्लॅस्टिकचे चेंडू घेऊन आले. "आता फोडून दाखवा," म्हणाले.

फुटले नाहीत. पण वळेनातही. अण्णांची सर्व्हिस सरळ गेली. त्यांनी बॅटचं रबर पुसलं, पुन्हा केली. पुन्हा सरळ. समोर वैद्य होता, माझ्याच ऑफिसातला. त्याला ही सर्व्हिस आजवर कधी परतवता आली नव्हती. त्याने सणसणीत मारला आणि स्वतःच घाबरून "सॉरी अण्णा" म्हणाला.

अण्णा चेंडूकडे बघत राहिले. "ह्याला ऐकूच येत नाही रे," म्हणाले.

*

त्यानंतर अण्णा हरतच गेले. मनगटाला पट्टी बांधून यायला लागले. हॉलभर बामचा वास. शेवटी वैद्यला राहवेना. मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर तो. त्याने समजावून सांगितलं, की हे प्लॅस्टिक गुळगुळीत आहे, बॅटचं रबर त्याच्यावरून नुसतं घसरतं. सेल्युलॉइडला ते पकडून ओढतं. पकडच नाही तर चेंडू फिरणार कसा?

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग मनगट पुढे केलं. "म्हणजे हे बरं आहे?"

"त्याला काहीही झालेलं नाही, अण्णा."

"सरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि पट्टी सोडायला लागले. गाठ काही केल्या सुटेना. आम्ही सगळे खाली वाकून चेंडू शोधायला लागलो. चेंडू टेबलावरच होता.

*

गोखल्यांना मात्र हे पटेना. "दोन्ही पांढरे. फरक काय?" वैद्य म्हणाला, सेल्युलॉइड भसकन पेटतं, हा एक फरक. गोखल्यांनी लगेच एका तडकलेल्या चेंडूला काडी लावली. पेटला. त्यांनी दचकून सोडला, तो नेमका टेबलाच्या जाळीवर. जाळी गेली आणि गोखल्यांची उजवी भुवईही गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांची क्लायंटबरोबर मीटिंग होती. "काही विचारलं नाही त्याने," गोखले थकून म्हणाले. "पण माझ्याकडे बघून सगळ्याला हो म्हणाला."

त्याच आठवड्यात नवी जाळी आली, आणि सेल्युलॉइडचे चेंडूही.

*

मग मंडळाची वार्षिक स्पर्धा. फायनलला अण्णा आणि वैद्य. अण्णांना हरवायची चटक लागलेल्या प्लॅस्टिकवाल्यांचा आग्रह होताच, म्हणून गोखल्यांनी नियम काढला: टॉस जिंकेल त्याने चेंडू निवडायचा.

अण्णा टॉस जिंकले. वैद्यने मला हळूच सांगितलं, "संपलं. पाच मिनिटांत घरी जातो."

अण्णांनी दोन्ही चेंडू हातात घेतले. सेल्युलॉइडचा खाली ठेवला.

"अण्णा, तो प्लॅस्टिकचा आहे," गोखले म्हणाले.

"गोत्तु," अण्णा म्हणाले. माहीत आहे.

चेंडू सरळ गेला, सरळ परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. एकेक पॉइंट संपता संपेना. अण्णांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. मागे सरकून ते असे काही चेंडू उचलत होते, की हे त्यांना येतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. शेवटी वीस-वीस झाले आणि वैद्य दोन पॉइंटनी जिंकला.

अण्णा धापा टाकत खुर्चीत बसले. वैद्य त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "तो दुसरा का नाही घेतलात?"

"इतकी वर्षं मी टाकलेला चेंडू परतच येत नव्हता रे," अण्णा म्हणाले. "पाणी दे स्वल्प."