आतोबांचा लपेटदार टाइप

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं, नाहीतर मला झोप येणार नाही. अख्ख्या बंगळूरात माणसाची पारख त्याच्या नावाच्या पहिल्या इंग्रजी अक्षरावरून करणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे.

चामराजपेटेत आतोबांचा छापखाना. तिथे एका पेटीत मद्रासहून मागवलेले इंग्रजी अक्षरांचे खिळे, लपेटदार, वेलबुट्टीसारखे, फक्त लग्नपत्रिकेवर नावं छापायला. पेटीला कुलूप, वर हळदकुंकू. किराणावाल्याने जाहिरातीसाठी तीच अक्षरं मागितली तर म्हणाले, "तूरडाळीला जरीकाठ नेसवू काय?" एकाने वडिलांच्या तेराव्याच्या कार्डासाठी मागितली, त्याला म्हणाले, "अहो, वडील गेलेत, वरातीला नाही गेलेत." त्या टाइपातला S त्यांना सगळ्यात देखणा वाटतो, म्हणून मुलीचं नाव सुमन. आत्याला लक्ष्मी हवं होतं, पण तिला कोण विचारतंय.

सुमाक्काला स्थळं यायला लागली. लोक कुंडल्या बघतात, आतोबा दोन्ही नावं जुळवून प्रूफ काढायचे आणि दोरीवर वाळत घालायचे. एक चांगला इंजिनियर K च्या शेपटीपायी गेला. मग बेळगावचा विठ्ठल आला. बेळगाव नुकतंच मैसूर राज्यात आलेलं, त्याची इथल्या कचेरीत बदली झालेली. सुमाक्काला तो आवडला. आतोबांनी प्रूफ काढलं आणि मान हलवली. त्या टाइपातला V म्हणजे, खरं सांगतो, दाढ दुखणारा माणूस.

"मुलात खोट काय आहे?" आत्याने विचारलं.

"मुलगा सोन्यासारखा. V बघ त्याचा."

"अण्णा, मला संसार विठ्ठलशी करायचाय, V शी नाही," सुमाक्का वडिलांना म्हणाली. "हे मोडलंत तर मी दुसरं स्थळ बघणार नाही."

आतोबांनी सरळ विठ्ठललाच छापखान्यात बोलावलं आणि विचारलं, नाव बदलता का.

"आजोबांचं आहे, राहू द्या," तो म्हणाला. "साध्या खिळ्यांत छापा की."

"साध्या खिळ्यांत आम्ही लिलावाच्या नोटिसा छापतो."

"सरी, चालेल की. मग लोक वेळेवर तरी येतील."

प्रूफ दोरीवरच राहिलं. दुपारी डबा घेऊन आलेली सुमाक्का त्याच्याखाली थांबायची आणि त्या वेड्यावाकड्या V कडे बघून हसायची. आतोबा काम करतोय असं दाखवत तिच्याकडे बघायचे. एक दिवस मी टायपिंगच्या क्लासहून येताना डोकावलो, तर डबा तसाच पडलेला आणि हे पत्रिकेसाठी साधे खिळे जुळवतायत. म्हटलं, निदान अक्काचं नाव तरी त्या टाइपात घ्या.

"तिला जरीकाठ आणि त्याला मांजरपाट?" वर न बघता म्हणाले. "जोडा कसा दिसेल?"

काल लग्न झालं. पत्रिका कोरडी ठणठणीत दिसत होती, आणि कार्यालयातल्या एकाही माणसाच्या ते लक्षात आलं नाही. उकडत होतं, सगळे तिनेच वारा घेत होते. आतोबा दारात गुलाबपाणी शिंपडत उभे. मधेच कुणाच्या तरी हातातल्या पत्रिकेकडे बघायचे, मग मांडवात बसलेल्या अक्काकडे, आणि हसायचे, पण जरा उशिरा. तुमच्या घरच्या लग्नात कुणी असं दारात उभं होतं का हो?