गाडीखालचं तेल

लग्नानंतर आम्हाला घर नव्हतं, गाडी होती. माझा नवरा फोटोग्राफर. लष्कराच्या लिलावातली एक जुनी अँब्युलन्स त्यानं घेतली होती. आत झोपायला दोन बाकं, एक स्टोव्ह, कपड्यांची पेटी आणि फोटो काढताना मागं लावायचा निळा पडदा. बाजाराच्या गावी गाडी उभी करायची, दिवसभर फोटो काढायचे आणि रात्री तिथंच झोपायचं. सत्तरच्या दशकात आमची तीन-चार वर्षं अशी गेली. मला ते आवडायचं. लाज वाटायची ती एकाच गोष्टीची. गाडी जिथं थांबेल तिथं खाली काळं इंजिन ऑइल साचायचं.

एका मिस्त्रीनं सांगितलं होतं की इंजिनचं मागचं, तेल अडवणारं सील गेलंय, ते बदलायला इंजिन उतरवावं लागेल. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून नवरा गाडीखाली पत्र्याचा डबा ठेवायचा.

धाकट्या बहिणीचं लग्न कामरगावला, माझ्या माहेरी होतं. जावयाची गाडी दारातच उभी राहावी ही आईची हौस. लग्नाच्या सकाळी मांडवाची बल्ली रोवायला जागा कमी पडली, तेव्हा चौघा-पाचांनी गाडी ढकलून थोडी पुढं घेतली. डबा मागंच राहिला. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आम्ही बौद्ध, लग्नात सगळं पांढरं. नवरीची साडी पांढरी, अंथरलेल्या चादरी पांढऱ्या. पाहुणे गाडीला वळसा घालून, खालून वाटेवर ओघळलेल्या तेलात पाय देत आत येत होते. वंदना सुरू होईस्तोवर चादरींवर काळी पावलं उमटली होती. बहिणीच्या साडीचा काठही तेलानं माखला होता. मी ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर डाग आणखी पसरला. तिनं माझा हात धरला.

"राहू दे बाई," ती हळूच म्हणाली. "भाऊजीले सांग, फोटो कमरेच्या वरूनच काढा."

त्यानं तसेच काढले. दिवसभर त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, मीही त्याच्याकडं पाहिलं नाही.

जेवणं झाल्यावर बहिणीची सासू गाडीपाशी आली. आत डोकावून तिनं बाकावरची गादी हातानं दाबून पाहिली.

"तुमी याच्यातच राह्यता?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसतं नवल होतं. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. मी नुसती मान हलवली. वरात बहिणीच्या सासरी, इंझोरीकडं निघाली तेव्हा मी गाडीत बसून होते. आई न्हाणीत चादरी घासत होती. तिनं मला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. वाटेत शेलूबाजारच्या अलीकडं निंबाखाली थांबलो, तेव्हा मी खाली उतरले आणि सांगितलं की तेल कुठून येतं ते दिसल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. त्यानं मिस्त्रीचं बोलणं पुन्हा ऐकवलं. तुमी सोता पाह्यलं काय, असं मी विचारलं. त्यानं पाहिलं नव्हतं.

मग रॉकेल आणि ब्रशनं आम्ही सगळं इंजिन धुऊन कोरडं केलं. पुसलेल्या जागेवर ओल चटकन दिसावी म्हणून मी गिऱ्हाइकांच्या तोंडाला लावायची पावडर आणली आणि इंजिनवर वरपासून खालपर्यंत उधळली. त्यानं गाडी चालू केली. मी वाकून पाहत राहिले. खाली, सीलच्या बाजूची पावडर कोरडीच होती. थोड्या वेळानं इंजिनच्या वरच्या झाकणाच्या मागच्या कडेला एक ओली रेघ उमटली. ती पाठीमागून खाली उतरत गेली आणि तळाशी थेंब लोंबला.

"वरून येऊन राह्यलं व," तो म्हणाला. "सील नाई गेलं."

झाकणाखाली तेल अडवायला बसवलेली बुचाच्या लाकडाची पट्टी वाळून तडकली होती. शेलूबाजारच्या दुकानात तसल्याच बुचाचा पातळ तक्ता मिळाला. त्यानं तो मापानं कापून बसवला, झाकण आवळलं. दुपारी गाडीखाली कागद पसरून ठेवला, तर संध्याकाळीही तो कोरा होता. मला वाटलं होतं, आता हायसं वाटेल. पण एवढ्याशा कामासाठी आईच्या दारात ते सगळं घडलं, हे कळल्यावर मला जास्तच शरमल्यासारखं झालं. तो कागद घडी करत म्हणाला, "लग्नाच्या आदी पाह्याले पाह्यजे होतं."

काही महिन्यांनी बहिणीकडं इंझोरीला गेलो. तिची सासू रस्त्यापर्यंत सामोरी आली आणि गाडी अंगणात घ्या म्हणाली. अंगण नुकतंच सारवलेलं होतं. तेल गळायचं थांबलंय हे मला ठाऊक होतं, तरी माझ्या तोंडून निघालं, "राहू द्या मावशी, रस्त्यावरच बरी." नवऱ्यानं किल्ली खिशात टाकली. पिशव्या उचलून आम्ही चालत आत गेलो.