पाठीवरचा खो

गावात एसटीडी बूथ नुकतं आलं होतं, तेव्हाची गोष्ट. दौंडला गाडीतून उतरून एक बाई एसटीनं आमच्या वरवंडला आली. पन्नाशीची, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. म्हणाली, "खेळणाऱ्या बायकांचा इतिहास लिहिते." मला हसूच आलं. बायकांचा इतिहास, तोही खेळाचा!

तिनं संघाचा जुना फोटो दाखवला. "ही कुसुम तुमच्या गावात दिलीय. खो-खोची कॅप्टन होती."

"कुसुम नावाची कुणीच न्हाई इथं," मी सांगितलं.

"लग्नात नाव बदललं असेल. मी नावावरून शोधतच नाही," ती निवांतपणे म्हणाली. "बाई बसते कशी, ते बघते."

ओट्यावर आमच्या सासूबाई झेंडू निवडत बसल्या होत्या. उकिडव्या, एक टाच उचललेली. सगळं ऐकत होत्या, पण मान वर करत नव्हत्या. बाई हळूच त्यांच्या मागं गेली, पाठीवर थाप मारली आणि ओरडली, "खो!"

सासूबाई फुलं उधळून ताडकन उठल्या आणि अंगणातल्या लिंबापर्यंत पळत सुटल्या. ज्या गुडघ्यांना मी रोज तेल चोळत होते, तेच हे गुडघे! बुंध्याला हात लावून त्या गर्रकन वळल्या. पदर खांद्यावर, चेहरा लालबुंद.

"लिव्हा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "कुसुमच लिव्हा. आन् मला कवाच कुणी शिवलं न्हाई, ते बी लिव्हा."

बाई हसली नाही. पेनचं टोपण काढत म्हणाली, "बसा कॅप्टन. पहिल्यापासून सांगा."