एका इंजिनाचं विमान आणि मोठे मालक

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.कॉम., फर्स्ट क्लास. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. त्या डिग्रीच्या जोरावर वसमतच्या एका हळदीच्या पेढीवर मला टेबलखुर्ची मिळाली, आणि त्याच टेबलावर बसून मी मालकांसाठी विमान निवडलं. लोकांना आजही खोटं वाटतं. वाटू द्या.

मालक दोघं भाऊ. मोठ्यांनी मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, शेतकऱ्यांशी हुज्जत घालत पेढी उभी केली. धाकट्यांनी हळद परदेशी पाठवायला सुरुवात केली आणि पैसा इतका आला की गाड्या बदलून कंटाळा आला. दिल्लीला त्यांच्या सारख्या फेऱ्या. नांदेडचा विमानतळ जवळ, पण हव्या त्या वेळेला विमान नाही. म्हणून स्वतःचं घ्यायचं ठरलं.

मोठे मालक आधी नाही म्हणाले. मग राजी झाले ते पाठीमुळे. त्यांचा मणका पार गेला होता आणि ज्या डॉक्टरवर त्यांचा भरवसा होता तो दिल्लीत. रेल्वेच्या बर्थवर त्यांचं अवाढव्य शरीर मावायचं नाही. जाऊन आले की आठवडाभर विव्हळत पडून राहायचे. विमानात नीट बसून दोन-अडीच तासांत दिल्ली, एवढ्या एका आशेवर त्यांनी पेढीच्या कागदांवर सही केली. दिसेल त्याला सांगत सुटले, आता मी उडत दवाखान्यात जाणार.

धाकट्यांनी मला सांगितलं, जेट नको, टर्बोप्रॉप बघ. इंजिन जेटच्याच जातीचं, पण पुढं पंखा फिरवणारं. इंधन कमी पितं, लहान धावपट्टीवर उतरतं. मुंबईचे दलाल फोनवर इंग्रजी फेकायचे. मी त्यांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचो: टाकी दिल्लीपुरती भरली तर माणसं किती किलो बसतात? जाहिरातीत खुर्च्या दाखवतात, किलो दाखवत नाहीत. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी दोन उरली. एक जुनं, दोन इंजिनांचं, ऐसपैस. सगळं कुटुंब बसलं असतं. पण तासाचा खर्च जवळजवळ दुप्पट आणि दुरुस्ती दोन्ही इंजिनांची. दुसरं एका इंजिनाचं, नवं. वेगात जराही मागं नाही. फक्त दोन पायलट धरल्यावर दिल्लीच्या फेरीला माणसं आणि सामान मिळून तीनशे किलो. मी दुसऱ्याच्या बाजूनं लिहून दिलं. खर्च आणि वेग बघायला सांगितलं होतं, मी तेवढंच बघितलं.

मोठे म्हणाले, दोन इंजिनांचं घ्या, एक बंद पडलं तर दुसरं असतं. धाकटे हसले. म्हणाले, आधी वजनं करू, मग बोलू. आणि वजनं कुठं करावीत? मोंढ्यात, हळदीच्या काट्यावर, भर लिलावाच्या वेळेला. हमाल थांबले, शेतकरी पोत्यांवर टेकून बघायला लागले.

धाकटे ऐंशी. त्यांच्या बाई पासष्ट. त्या काट्यावर आल्या नाहीत, आकडा सांगून पाठवला. मी पंचावन्न, दिल्लीत कागदपत्रं बघायला मी लागणार होतो. उरले शंभर. मग मोठे मालक काठी टेकत चढले आणि काटा एकशे चौतीसवर जाऊन थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, दीड क्विंटलला थोडंच कमी. खसखस पिकली.

मोठ्यांचं तोंड उतरलं. पण ते जन्माचे व्यापारी. मला म्हणाले, "ए बीकॉम, कडता धर की. धोतर हाय, काठी हाय, चपला हायेत."

कडता म्हणजे काय ते आमच्याकडच्या शेतकऱ्याला विचारा. पोत्याचं, मातीचं, ओलीचं म्हणून व्यापारी दर पोत्यामागं वजन कापतो तो कडता. माझा बाप डोंगरकडा गावाकडून हळद घेऊन याच काट्यावर यायचा. काटा दाखवेल ते दाखवेल, मोठे मालक तोंडानं म्हणतील तितकं कमी व्हायचं. बाप टोपी नीट करायचा आणि बैल जुंपायचा.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मोठे मालक, विमानाला कडता उलटा असतो. कपडे, काठी, पिशवी, सगळं वर धरावं लागतं. तुमी एकशे अडतीस."

शेतकरी इतके हसले की लिलाव पुकारणाऱ्याला दम धरावा लागला. मला बरं वाटलं. का वाटू नये?

मोठे माझ्याकडं बोट करून भावाला म्हणाले, याला उतरव, मग मी बसतो का न्हाई? हिशेब त्यांचा बरोबर होता. धाकट्यांनी मान वळवली नाही.

"दादा, हा कागद वाचतो. तुमी काय वाचता?"

एका इंजिनाचं आलं.

त्यानंतर एकदा मोठ्यांनी मला घरी बोलावलं. पलंगावर उशांना टेकून बसले होते. किती उतरलं म्हणजे जागा मिळंल, विचारलं. मी सांगितलं, कपड्यांसकट शंभर. त्यांनी भाकरी अर्धी केली, मग बंद केली. ताकावर राहायला लागले. त्यांच्या बाई मला रस्त्यात गाठून म्हणाल्या, माझ्या माणसाला उपाशी मारून राहिलास तू. मी म्हणालो, आकडा विचारला, आकडा सांगितला. दरम्यान आमच्या फेऱ्या चालू होत्या. मी खिडकीशी बसायचो. तिथून ढग कापसाच्या गंजीसारखे दिसतात, हे बापाला सांगितलं तर त्याला पटलं नाही.

पुढच्या हळदीच्या हंगामात मोठे मालक मोंढ्यात आले. गळ्याखालची कातडी लोंबत होती, सदरा हँगरवर टांगल्यासारखा. दोघांनी धरून काट्यावर चढवलं. नव्व्याण्णव. काठीसकट. ह्या वेळेला कुणी हसलं नाही. त्यांनी हात वर करून धाकट्यांना बोलावलं, लेकरानं पास झाल्याचं दाखवावं तसं.

"बघ. बसलो का न्हाई आता?"

धाकट्यांनी काटा बघितला. फोन कानालाच होता.

"दादा, ती जागा मेहुण्याला दिली. दिल्लीचं हापीस आता तोच बघून राहिला." आणि फोनवर हात ठेवून पुढं म्हणाले, "उतरा, मालाची गाडी लागलीय."

मोठे मालक उतरले नाहीत. त्यांना उतरता येत नव्हतं. हमालांनी त्यांना काखेत धरून खाली घेतलं आणि पहिलं पोतं काट्यावर टाकलं.