फोनातली पोरगी आणि घरातली बाई

देवाशी माझा संबंध कधी फारसा आला नाही. भांडण नव्हतं, पण जाणंयेणंही नव्हतं. लॅपटॉप पिशवीत घालून मी कैक वर्षं देशोदेशी फिरत नोकरी केली. कधी पोर्तुगालमध्ये समुद्राकाठी खोली घेऊन, कधी व्हिएतनाममध्ये, कधी जॉर्जियाच्या डोंगरात. जिथे इंटरनेट बरं, तिथे माझं ऑफिस. रोज संध्याकाळी आर्णीला आईला व्हिडिओ कॉल करायचा, हा एकच नेम मी मनापासून पाळला. ती आधी म्हणायची, "खिडकी दाखव." बाहेरचं बघून झालं की, "जेवली का?" गल्लीत कुणी माझी चौकशी केली तर तिचं उत्तर ठरलेलं, "तिचं हापिस तिच्या पिशवीत असते, बाई." वडील गेल्यापासून ती एकटीच राहत होती आणि फोनवर तरी ठणठणीत दिसत होती.

शेजारच्या काकूंनी मला कळवलं तोवर बरंच बिघडलं होतं. आई गॅस चालू ठेवून विसरत होती, जेवले की नाही हे तिला आठवत नव्हतं. मी मिळेल त्या विमानाने आले. दारात बॅग टेकवली, तर आईने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अदबीने म्हणाली, "बसा बाई. माही पोरगी बाहेरदेशी हाय. आता येईन तिचा फोन." मला आधी थट्टाच वाटली. मग कळलं. पडद्यावरचा वीतभर चेहरा तिला पक्का ठाऊक होता. समोर बसलेली मी तिला परकी होते.

मग आमचा एक विचित्र संसार सुरू झाला. मी मागच्या खोलीत जाऊन दार लावायचे आणि पुढच्या खोलीत बसलेल्या आईला फोन करायचे. तिचा आवाज खुलायचा. मला तो भिंतीतूनही ऐकू यायचा आणि फोनमधूनही. एकदा ती कुजबुजली, "घरात कोनी बाई येऊन राह्यली. सारखी जेव जेव करते. मले भेव वाटते तिचं." मी म्हटलं, "चांगली बाई हाय वं आई. तिच्या हातचं खाय." असं सांगितलं की ती चार घास खायची, गोळ्या घ्यायची. यवतमाळच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की पोटात अन्न गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि तिच्या तब्येतीला ते झेपेलच असं नाही. म्हणजे फोनातल्या पोरीवर आईचा जीव तगून होता. मला त्या पोरीचा हेवा वाटायचा, हे सांगायला आज लाज वाटत नाही.

आणि नेमकी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. इंटरनेट गेलं, मोबाईलची रेंजही जाऊनयेऊन, फोन लागेचना. आई फोन मांडीवर घेऊन बसून राहिली. "पोरीचा फोन आल्याबिगर नाही जेवत," एवढंच बोलायची. मी ताट पुढे केलं की तोंड फिरवायची. तिचे ओठ सुकले. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "केळापूरले नेऊ तिले. ते तिची देवी हाय. एक बार पाया पडू दे, मंग दवाखाना हायेच." माझा विश्वास नव्हता. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. आई माझ्या शेजारी बसायला तयार नव्हती, म्हणून मी गाडीत पुढे बसले.

जगदंबेच्या देवळात रांगेत आमच्या पुढे एक अनोळखी बाई होती. खण, नारळ, तांदूळ, कुंकू असं ताट तिच्या हातात. तिने मागे वळून आईला सहज विचारलं, "मावशी, पोरगी का तुमची?"

"नाही," आई म्हणाली. "माही पोरगी दूर हाय. हे आमच्या घरी राह्यते. सैपाक करते. कोण हाय, मले नाही माहीत."

"कायले आली मंग?"

"कोनास ठाऊक."

बाई हसली. "मंग देवीनंच धाडली असन, मावशी. ते का सांगून धाडते?"

आईने माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच नीट, न घाबरता. मग त्या बाईच्या ताटातलं कुंकू बोटावर घेऊन तिने माझ्या कपाळाला लावलं आणि खण-नारळ उचलला. काकूंनी तिला अडवायला हात पुढे केला. वडील गेल्यापासून आईने कुणाची ओटी भरली नव्हती. बायका भरू देत नसत आणि तीही आपणहून मागे सरे. ते सगळं ती विसरून गेली होती. त्या बाईने काकूंचा हात हलकेच धरला आणि 'राहू द्या' अशी मान हलवली. मी ओढणी पसरली. आईने ओंजळ ओंजळ तांदूळ घातले आणि म्हणाली, "माह्या पोरीले तिकडं कोनी तरी जेवाले घालत असन. तू इथं आलीस, बरं झालं. सुखी राह्य."

दर्शन करून आम्ही ओट्यावर बसलो. मी डबा उघडून पोळीचा घास पुढे केला. आईने तो घेतला. मग दुसरा घेतला. त्या बाईचे आभार मानायला मी रांगेकडे गेले, तर ती दिसली नाही. गर्दी होती, निघून गेली असेल. मी त्याचा जास्त विचार करत नाही.

फोन पूर्ववत सुरू झाले, पण आईने परत कधी त्यासाठी जेवण अडवलं नाही. तिने मला ओळखलंही नाही, आणि आता ओळखेल अशी आशा मी धरत नाही. विश्वास नसूनही मनातून मी देवीकडे आई परत मागायला गेले होते. ती मिळाली नाही. तिला भरवता येईल एवढी जागा मात्र मला तिच्या घरात मिळाली, आणि त्यासाठी मी जगदंबेची जन्मभराची ऋणी आहे. मुलगी म्हणून नाही, तर जी कोण असेन ती म्हणून राहायचं, हे शिकायला मला फार रडावं लागलं.

आता रोज ताट समोर आलं की आई आधी मला हात जोडते. सुरुवातीला मी तिचे हात धरायचे, "असं नको करू वं," म्हणायचे. मग ती घाबरायची आणि घास तसाच राहायचा. आता मी काही बोलत नाही. तिचा नमस्कार होईपर्यंत उभी राहते आणि मग तिला वाढते.