आतून उघडलेली छत्री

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला विज्ञान कळतं, असा सुरतेत लिंबायतच्या आमच्या मराठी शाळेत समज होता आणि तो मी मोठ्या कष्टाने जपला होता. त्र्याहत्तर साली अमेरिकेचं अवकाशस्थानक वर जाता जाताच मोडलं. त्याचं उन्हापासून वाचवणारं कवच उडालं, आत भट्टी झाली आणि दुरुस्तीला मागून तीन अंतराळवीर गेले. मी ती बातमी कापून वर्गात लावली, तेव्हा मुलांना वाटलं, मास्तरांचा तिकडे काहीतरी संबंध आहे. मीही खुलासा केला नाही.

त्या भट्टीची मला चांगलीच कल्पना होती, कारण तसलीच एक आम्ही भाड्याने घेतली होती. माडीवर दोन खोल्या आणि डोक्यावर उघडे पत्रे. पुढच्या वर्षी ऐन चैत्रात बायकोला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. दुसरं सासरी, ही रीत. आणि तिचं सासर म्हणजे हे पत्रे.

दुपारी ती ओला पंचा डोक्यावर घेऊन जिन्यात बसायची. एके दिवशी तिथूनच म्हणाली, "अहो, रविवारपर्यंत वर काहीतरी घाला. नाहीतर भाऊ मला अमळनेरला पोचवणार आहे. ट्रंक भरलीय मी."

"अगं, पण रीत..."

"रीत पत्र्याला सांगा."

ती गेली असती तर साताऱ्याला माझ्या आईने काय म्हटलं असतं ते मला पाठ होतं: कमावत्या पोराला बायकोचं एक बाळंतपण निभावता आलं नाही. आणि ते खरंच असतं, हीच अडचण.

घरमालक शेठ खालीच राहायचे. त्यांचा एकच नियम होता, छपरावर कोणी चढायचं नाही. पत्रे इतके जुने की पाय ठेवला तर पाय खाली आणि माणूस वर राहील. नवे ते घालणार नाहीत, जुन्यांवर मी चढायचं नाही. मी पहिला अर्ज मराठीत केला, दुसरा हिंदीत, तिसरा शाळेतल्या शिपायाकडून गुजरातीत लिहून घेतला. शेठ तिन्ही भाषांत हसले.

शनिवारी संध्याकाळी त्या अवकाशस्थानकाच्या दुरुस्तीची फिल्म आमच्या शाळेच्या सभागृहात दाखवायला आणली. भाषा अमेरिकन इंग्रजी. मुख्याध्यापकांनी माझ्या हातात माइक दिला. "मास्तर, तुम्ही मराठीत सांगत चला. तुमचा विषयच आहे."

पुढे खुर्च्यांवर बँकेतली, कचेऱ्यांतली आपली माणसं, कपड्यांच्या घड्या न मोडलेली. मागे सतरंज्यांवर खानदेशातून आलेली यंत्रमागावरची माणसं, बायकापोरांसकट. त्यांतच बायको आणि तिचा थोरला भाऊ. तो उधन्याच्या एका कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग चालू करणारा. त्याच्या नखांतलं काळं तेल मला आमच्या लग्नातही दिसलं होतं आणि तेव्हा मी थोडासा बाजूला सरकून बसलो होतो.

फिल्म सुरू झाली. तो अमेरिकन नाकातून बोलत होता आणि श्वास घेत नव्हता. मला 'हीट' कळलं, 'अंब्रेला'सारखं काहीतरी कळलं, बाकीचं मी रचलं.

"आता अंतराळवीर जिवावर उदार होऊन स्थानकाच्या छपरावर चढले आहेत आणि तिथे एक प्रचंड छत्री बांधत आहेत."

"तठे पाऊस पडस का?" सतरंजीवरून एक म्हातारी.

पाऊस का पडत नाही, हे मी समजावू लागलो. खुर्च्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मेव्हण्याचा आवाज आला.

"दाजी, कोनी चढनं नही! मझारतून काढी ऱ्हायनात!"

पडद्यावर चित्र काढून दाखवत होते. माणसं आतच होती. भिंतीत एक लहानसं भोक, त्यातून मिटलेली छत्री दांड्यावर ढकलत बाहेर काढली आणि बाहेर गेल्यावर उघडली. छपराला कोणाचा पायसुद्धा लागला नव्हता. सतरंज्या खदखदून हसल्या. खुर्च्या मागे वळून पाहू लागल्या, कोण हे अडाणी म्हणून. मी माइकमध्ये म्हणालो, "तेच म्हणतोय मी." पुढे अंतराळवीरांनी बाहेर जाऊन एक अडकलेली पट्टी कापली, तिला मी 'सांधली' म्हणालो, पण तोवर सगळे मेव्हण्यालाच विचारत होते.

रविवारी सकाळी तो आला. बहिणीला न्यायला आला असं समजून मी चेहरा तयार केला. पण त्याच्या खांद्यावर बांबू होता, वेताच्या आठ काठ्या होत्या आणि कारखान्यातलं डागी पांढरं कापड. चुलीचा धूर जायला आमच्या पत्र्यात हातभर भोक होतं. मी त्याखाली दोन वर्षं बसून जेवलो होतो. त्याने काठ्या बांबूच्या टोकाला बांधल्या, बहिणीकडून कापड शिवून घेतलं, दोऱ्या ओवल्या. मग पाटावर उभा राहून ते मिटलेलं प्रकरण भोकातून वर सरकवलं आणि दोऱ्या ओढल्या. वर फडफड झाली. खोली एकदम मवाळ झाली.

खालून शेठ ओरडले, "मास्तर! छापरा उपर कोण चड्युं?"

"कोई नथी चड्युं, शेठ! अंदरथी काढी छे!" मेव्हणा पाटावरूनच ओरडला.

शेठ अंगणात येऊन बराच वेळ वर बघत राहिले. भोकाबद्दल त्यांचा नियम नव्हता.

मी काय केलं, असं कोणी विचारलं तर मी पाट धरला होता.

दुपारी बायकोने पत्र्याखाली हात धरून पाहिला. भावाला जेवायला वाढलं, मग ट्रंक उघडून लुगडी परत दांडीवर टाकली.

"राहते मी," ती म्हणाली. "पण सासूबाईंना पत्रात 'मी छत्री लावली' असं लिहायचं नाही. शपथ घ्या."

घेतली आणि पाळली. पत्रात मी 'आम्ही लावली' असं लिहिलं.