गोवर बरा झाला, पण लेकरू वर्षभर आजारी

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या केनवडच्या अंगणवाडीत माह्या नऊ महिन्यांच्या सोहमले गोवराची लस होती, संग दुसऱ्याबी सुया होत्या. सासूबाई म्हणे, "एवढ्या सुया कायले?"

मोठ्या लेकीची, गौरीची, हीच लस आमी वीटभट्टीवर कामाले गेलो तवा राहून गेली. तिले गोवर झाला, बराबी झाला. पण मंग वर्षभर कान फुटणं, खोकला, न्यूमोनिया चालूच.

आज सिस्टरले विचारलं, "असं काहून झालं?"

"गोवर झाला का शरीर जुन्या आजारांशी लढणं विसरते, ताई. लसीनं ते टळते."

मीच सोहमचा हात घट्ट धरला, अन् सिस्टरनं सुया टोचल्या.

आता त्याचं अंग तापलं आहे. एखादा दिवस ताप येईन, हे सिस्टरनं सांगतलं होतं. तरी घडीघडी कपाळाले हात लावून राह्यली. तुमच्या लेकरांचा ताप कवा उतरला होता?